कुत्र्याच्या केकवर आयसिंग लावायचंच असेल तर घरच्या चक्क्याचं लावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाचकांच्या घरच्या कुत्र्यामांजरांच्या वाढदिवसाचे फोटो छापले होते, पान छानच होतं, आमच्याकडे सगळ्यांनी कौतुकानं बघितलं, पण माझं लक्ष सारखं त्या कुत्र्यांसमोर ठेवलेल्या केककडेच जात होतं. एका फोटोत तर लॅब्राडोरच्या नाकापासून कपाळापर्यंत चॉकलेट क्रीम फासलेलं आणि मागे सगळे हसून राहिले. ते बघून माझ्या पोटात गोळाच आला, कारण गेल्या डिसेंबरात आमच्या घरीही असाच फोटो निघाला होता आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी आमची बुंदी सलाईनवर होती. म्हणून हे पत्र लिहून राहिली आहे. थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

बुंदी म्हणजे आमची गावठी कुत्री, वजन १४ किलो, अंगावर पिवळे पिवळे ठिपके म्हणून नाव बुंदी. पाच वर्षांआधी डिसेंबरच्या थंडीत प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत नालीच्या काठावर कुडकुडत बसली होती, माझ्या मुलीनं ओढणीत गुंडाळून घरी आणली, तेव्हापासून तो दिवस तिचा वाढदिवस. दरवर्षी आम्ही भात आणि उकडलेलं अंडं द्यायचो. गेल्या वर्षी मुलगी पुण्याहून आली होती, तिनं हौसेनं एका बेकरीतून अर्धा किलोचा केक मागवला, बेकरीवाला फोनवर म्हणाला की ताई डॉगलापण चालते, आम्ही साखर कमी टाकतो, बॉक्सवर पंजाचं चित्र होतं, आम्हाला वाटलं झालं आपलं काम. बुंदीनं त्यातला अर्धा केक खाल्ला, वरचं पांढरं क्रीम तर आधी चाटून साफ केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, आधी खाल्लेलं, मग नुसतं पिवळं पाणी. रात्री ती हॉलच्या फरशीवर एका विचित्र पोजमध्ये दिसली, पुढचे दोन्ही पाय लांब पसरलेले, छाती जमिनीला टेकलेली आणि मागचा भाग वर, देवापुढे लोटांगण घालता घालता मध्येच थांबावं तशी. सासूबाई म्हणाल्या, अगं आळस देऊन राहिली ती. पण आळस दिला की कुत्रं दोन सेकंदात सरळ होते, ही तशीच राहिली, पाठ कमानीसारखी, मांड्या थरथरत होत्या आणि मी पोटाला हात लावला तर कधी नाही ते माझ्यावर गुरगुरली. पाच वर्षांत पहिल्यांदा. सकाळी डॉक्टरांना मोबाईलवरचा फोटो दाखवला, ते म्हणाले की पोटात खूप दुखते तेव्हा कुत्रं असं उभं राहते, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, तर स्वादुपिंडाला सूज. त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या कायम लक्षात राहिलं की स्वादुपिंडातला पाचकरस खरं म्हणजे आतड्यात गेल्यावर काम सुरू करतो, पण एकदम भरपूर चरबी पोटात गेली की कधी कधी तो स्वादुपिंडातच सुरू होतो आणि तो अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. चार दिवस सलाईन, उलटीचं इंजेक्शन, दुखण्याचं इंजेक्शन, मग हळूहळू पेज. बुंदी वाचली. पण आता जन्मभर तिला तूप, लोणी, क्रीम, तळलेलं सगळं बंद, कारण एकदा झालं की हा आजार परत उलटू शकतो.

मग मी त्या बेकरीत जाऊन विचारलं की क्रीममध्ये काय असते, तर तो पोरगा म्हणाला व्हिप क्रीम, बाकीच्या केकवर लावतो तेच. आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटते की ते दुधाचं क्रीम आहे, पण आजकालच्या केकवरचं ते बहुतेक वनस्पती तेलाचं घट्ट केलेलं फॅट आणि साखर असते. बटरक्रीम घेतलं तर लोणी आणि पिठीसाखर. म्हणजे केक कसाही असो, कुत्र्याला आजारी पाडायला वरचं आयसिंगच पुरेसं आहे, आणि नेमकं तेच आपण दिसायला सुंदर पाहिजे म्हणून जास्त लावून घेतो. मी त्याला म्हटलं बॉक्सवर कुत्र्याचा पंजा काऊन छापता मग, त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही हे मला कळते, त्याला कोणी सांगितलंच नसेल. पण बॉक्सवरचा लायसन्स नंबर बघून आपण जे निश्चिंत होतो ना, तो नंबर माणसाच्या खाण्यासाठी असतो. २००६चा अन्न सुरक्षा कायदा आहे तो माणसांनी खायच्या अन्नापुरता आहे, जनावराचा खुराक त्यात येतच नाही. त्यामुळे डॉग केक म्हणून विकलेल्या वस्तूत काय आहे हे विचारायचं काम आपलंच.

आता मुद्द्यावर येते. कुत्र्याचा वाढदिवस करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. आपण विदर्भातली माणसं, पोळ्याला बैलाला सजवून पुरणपोळी खाऊ घालतो, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैलसुद्धा सजवतात, तर घरच्या जिवाचं कौतुक करायला आपल्याला कोणी शिकवायला नको. फक्त बैलाला चालते ते कुत्र्याला चालते असं नसते आणि माणसाला चालते ते तर अजिबातच धरून चालू नका. केक घरी करा, फ्रॉस्टिंगसकट करा, खर्च शंभर रुपयेसुद्धा येत नाही आणि फोटो तितकाच छान येतो.

फ्रॉस्टिंगसाठी सगळ्यात चांगली वस्तू आपल्या घरातच आहे, चक्का. श्रीखंडासाठी बांधतो तोच. कुत्री मोठी झाली की बऱ्याच जणींना दूध पचत नाही, दुधातली साखर पचवणारं एन्झाईम कमी होते म्हणून जुलाब होतात. दही लागलं की त्या साखरेचा काही भाग जंतू खाऊन टाकतात आणि फडक्यातून पाणी निथळलं की त्या पाण्यासोबत अजून बरीच निघून जाते, म्हणून चक्का दुधापेक्षा सोपा जातो. मी अर्धा किलो दही घेते, त्याचा साधारण वाटीभर चक्का निघतो. दही टोन्ड दुधाचं लावा, बुंदीसारखा आजार होऊन गेला असेल तर डबल टोन्डचं, त्यात चरबी दीड टक्काच असते. म्हशीच्या दुधाचं दही चवीला मस्त पण पाणी निघून गेल्यावर त्याची चरबी अजून दाट होते, ते आपल्या श्रीखंडासाठी ठेवा. आणि एक लक्षात ठेवा, बाकी गावांत रात्रभर खुंटीला टांगून ठेवतात तसं आपल्याकडे मार्चनंतर करू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळपर्यंत ते आंबून जाते. गाळणीत फडकं घालून, खाली गंज म्हणजे पातेलं ठेवून, सरळ फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी फडकं उघडलं की चक्का सराट्यानं (उलथन्यानं) आपोआप सुटून येतो, बोटानं खड्डा केला तर खड्डा तसाच राहिला पाहिजे, भरून आला तर अजून दोन तास ठेवा.

बस, झालं फ्रॉस्टिंग. साखर नाही, मध नाही, व्हॅनिला इसेन्स नाही, इसेन्समध्ये अल्कोहोल असते आणि कुत्र्याला त्या वासाचं काही घेणंदेणं नसते. थोडं गोड लागावं असं वाटलं तर पिकलेलं अर्धं केळं काट्यानं अगदी मऊ कुस्करून त्यात फेटायचं. रंग पाहिजे असेल तर बिटाचं शिजवलेलं पाणी दोन चमचे टाकलं की सुंदर गुलाबी होते, हिरव्यासाठी उकडलेल्या पालकाची पेस्ट, पिवळ्यासाठी हळद नखाएवढी. बीट खाल्लं की दुसऱ्या दिवशी शी-सू लालसर दिसू शकते, रक्त समजून घाबरू नका. माझ्या शेजारणीनं रात्री अकराला मला फोन केला होता रडत रडत.

सासूबाई आमच्या आधी बुंदीला घरात घ्यायच्याच विरुद्ध होत्या. आता गुढीपाडव्याला श्रीखंडाचा चक्का फेटायला घेतला की साखर पडायच्या आधी पहिला मोठा चमचा वेगळ्या वाटीत काढून ठेवतात, आणि कोणी न विचारता सांगतात की ही बुंदीची वाटी, यात जायफळ गेलेलं नाही. जायफळाचं मला माहीत नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं की त्यातलं एक द्रव्य कुत्र्याला जास्त झालं तर बेचैनी, धडधड, झटके असे प्रकार होतात. चिमूटभरानं लगेच काही होत नाही, पण आपल्या श्रीखंडात, पुरणात, बासुंदीत जायफळ हमखास असते म्हणून वाटी आधीच वेगळी काढलेली बरी.

आता खालचा केक. मी इडलीपात्रात करते, ओव्हन लागत नाही आणि मापही बरोबर येते. एक वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी कोहळं वाफवून कुस्करलेलं, एक अंडं, लागलं तर दोन चमचे पाणी. कोहळं म्हणजे आपलं लाल कोहळं, पुण्यामुंबईचे लोक लाल भोपळा म्हणतात ते. मीठ नाही, गूळ नाही, सोडा मी टाकत नाही. इडलीच्या पिठापेक्षा घट्ट ठेवायचं, साच्याला बोटानं तेल पुसायचं, पंधरा ते अठरा मिनिटं वाफवायचं आणि मधोमध सुरी टोचून कोरडी निघाली की बंद करायचं, अंडं कच्चं राहायला नको. बारा नग होतात. आपल्या केकसारखं लुसलुशीत होत नाही, जरा दडस होते, कुत्र्यांना तेच आवडते. पूर्ण थंड झाल्याशिवाय चक्का लावू नका नाहीतर पाणी सुटून सगळं ओघळते, माझं पहिल्यांदा तसंच झालं होतं. दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन वाळवून एका कोपऱ्याला कात्रीनं छोटा काप दिला की कोन तयार, त्यात चक्का भरून गोल गोल फिरवत वर चढवायचा. वरून गाजराचा कीस किंवा संत्र्याची अर्धी फोड, बी काढून, वरचा पांढरा पापुद्राही काढून. संत्र्याचं साल आणि बिया नकोत, गर एखाद-दोन फोडी चालतो. आपल्याकडे दिवाळीत कुत्र्याला आवर्जून संत्रा बर्फी देणारेही आहेत, त्यांना हात जोडून सांगते की बर्फी देऊ नका, त्यात साखर, खवा आणि बऱ्याचदा सालाची पावडर असते, द्यायचं तर खरं संत्रं द्या.

ज्याच्या कुत्र्याला चरबीचं पथ्य नाही त्यांनी फल्लीदाण्याची पेस्ट करायला हरकत नाही, भाजून, सालं पाखडून, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवायचं, मीठ साखर काही न टाकता, आणि चक्क्यात एक चमचा मिसळलं की तपकिरी, चॉकलेटसारखं दिसणारं फ्रॉस्टिंग होते, ज्यांना फोटोत चॉकलेट केकच पाहिजे त्यांनी हे करावं. दाणे मात्र निवडून घ्या. काळे पडलेले, कुबट वासाचे, बुरशी आलेले दाणे कुत्र्याच्या लिव्हरला फार वाईट, बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. खराब दाणे जनावराला टाकून द्यायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा.

बाजारचं पीनट बटर आणलं तर डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय देऊ नका. इथे मी जरा थांबते कारण हे फार कमी लोकांना माहीत आहे. झायलिटॉल नावाची एक गोड पावडर असते, शुगर फ्री च्युइंगममध्ये, काही टूथपेस्टमध्ये, काही डायट बिस्किटांत आणि बाहेरून येणाऱ्या काही पीनट बटरमध्ये वापरतात, आपल्या पाकिटांवर ती कधी नावानं तर कधी आयएनएस ९६७ अशा नंबरानं लिहिलेली असते. माणसाला ती चालते, डायबिटीसवाल्यांसाठी तर चांगली म्हणूनच विकतात. कुत्र्याच्या शरीराला मात्र ती खरी साखर वाटते आणि ते एकदम इन्शुलिन सोडते, अर्ध्या तासातही रक्तातली साखर धाडकन खाली येऊ शकते, कुत्रं झोकांड्या खाते, पडते, झटके येतात. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानंही साखर उतरते आणि ०.५ ग्रॅमच्या वर गेलं तर लिव्हर निकामी होऊ शकते. म्हणजे ५ किलोच्या पॉमेरियनला अर्धा ग्रॅम पुरे, च्युइंगमच्या एखाद-दोन गोळ्यांत तेवढं असू शकते. म्हणून साखर नको तर शुगर फ्री टाकते असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, ते साखरेपेक्षा जास्त घातक ठरू शकते. सगळ्याच शुगर फ्रीमध्ये झायलिटॉल नसतो हे खरं, पण कुत्र्याच्या खाण्यात गोडीच टाकायची नाही म्हटलं की तो प्रश्नच राहत नाही.

चॉकलेटचं बहुतेकांना ऐकून माहीत असते पण मग कोणीतरी म्हणते आमच्या टॉमीनं खाल्लं होतं, काही झालं नाही. त्याचं कारण हिशेबात आहे. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळूहळू बाहेर पडते, किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम गेलं की उलट्या-जुलाब-बेचैनी, ४०-५०च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, ६०ला झटके. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला २ मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणून १० किलोच्या कुत्र्यानं एक छोटा तुकडा चोरला तर निभावून जाते. कोको पावडरमध्ये मात्र ग्रॅमला २० मिलिग्रॅम किंवा त्याच्याही वर असते, म्हणजे नुसती १० ग्रॅम कोको पावडर ही १०० ग्रॅमच्या मिल्क चॉकलेटच्या बरोबरीची झाली. आणि घरी फ्रॉस्टिंग करताना आपण टाकतो ती कोको पावडरच ना. एका वाटी आयसिंगमध्ये तीन चमचे सहज जातात.

मनुके, बेदाणे, द्राक्षं केकवर नको म्हणजे नको. किती खाल्ल्यावर त्रास होईल याचं काही माप नाही, एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याची किडनी मूठभरात बसते. आधी कारण कळत नव्हतं, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं, म्हणून अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग फेटताना क्रीम ऑफ टार्टर टाकतात तेही कुत्र्यासाठी करायचं नाही. चिंचेतही तेच आम्ल असते. शिऱ्यातले मनुके वेचून बाजूला काढून शिरा कुत्र्याला घालणारी घरं मला माहीत आहेत, एखादा राहतोच.

किती द्यायचं हे तर सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टर म्हणतात खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या वर नको. बुंदीच्या वजनाला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी ८०. माझे बारा केक मिळून पाचशेच्या थोडं वर होतात, एक नग चक्क्यासकट ६०च्या आसपास, म्हणून बुंदीला दिवसाला एकच, तोही संध्याकाळच्या जेवणातून तेवढं कमी करून. ३ किलोच्या छोट्या कुत्र्याला एकाचा तिसरा भाग, ३० किलोच्या लॅबला दोन, आणि तो जाड असेल तर एकच. बाकीचे चक्का न लावता डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवते, पंधरा दिवस पुरतात. चक्का लावलेले दोन दिवसांत संपवायचे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५च्या वर असतो तेव्हा मी केक करतच नाही, चक्का, केळं आणि बीट फेटून बर्फाच्या ट्रेमध्ये लावते, दुपारी एक तुकडा दिला की बुंदी कूलरसमोर दोन पायांत धरून दहा मिनिटं चाटत बसते.

आणि चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयोग करू नका, आमच्या गल्लीत सगळे तेच सुचवून राहिले होते. मिठानं कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम वाढून ते अजून गंभीर होते. पाकीट किंवा बॉक्स हातात घ्या, किती वाजता आणि किती खाल्लं ते लिहून ठेवा, वजन सांगा आणि सरळ डॉक्टरांना फोन लावा. उलटी काढायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील. काही दिसत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, मी एक रात्र थांबली होते, ती रात्र मला अजून टोचते.

घरच्या कुत्र्यांचं एक झालं. पण मला जास्त काळजी रस्त्यावरच्या कुत्र्यांची वाटते, कारण आपल्याकडे आता नवीनच सुरू झालं आहे की पोट्टे-पोट्टी वाढदिवस रस्त्यावर करतात, केक एकमेकांच्या तोंडाला फासतात आणि उरलेला कार्डबोर्डसकट गल्लीतल्या कुत्र्यासमोर सरकवतात, चांगल्या मनानं सरकवतात, त्यात शंका नाही. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी गेलात तर असे दोन-चार बॉक्स दिसतीलच. घरचं कुत्रं आजारी पडलं तर त्याला गाडीत टाकून नेणारं कोणी असते, गल्लीतलं कुत्रं कुठल्यातरी गाडीखाली जाऊन पडून राहते आणि दोन दिवसांनी कोणीतरी म्हणते, अरे तो शेरू दिसला नाही.

आमच्या गल्लीत खरंच एक शेरू आहे, म्हातारा, एक कान फाटलेला. गल्लीतल्या पोरांनी पैसे जमवून त्याच्यासाठी पेस्ट्री आणायचं ठरवलं होतं, मी त्यांना घरी बोलावलं, बुंदीचा तो सलाईनचा फोटो दाखवला आणि म्हटलं तुम्हीच करा केक, मी सामान देते. सात पोरं माझ्या स्वयंपाकघरात, कोणी कोहळं कुस्करून राहिलं, कोणी पिशवीला कात्री लावून राहिलं, एकानं तर बिटानं अख्खा हात रंगवला. एक छोटी, असेल आठ वर्षांची, तिनं मला विचारलं की आजी, शेरूला गोड लागणार नाही तर त्याला वाढदिवस आहे असं कसं कळेल. मी म्हटलं तू जवळ बसून त्याच्या पाठीवरून हात फिरव, त्याला कळेल. ती बसली आणि शेरूनं चक्का संपवला आणि मग तिचा हातही चाटला.

तर संपादक साहेब, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या रविवारच्या रेसिपीच्या पानावर कुत्र्यासाठी चालणाऱ्या खाऊची एक चौकट द्या आणि तिच्याच बाजूला काय द्यायचं नाही तेही छापा, चॉकलेट-कोको, झायलिटॉल, मनुके-द्राक्षं, कांदा-लसूण, जायफळ, व्हिप क्रीम-लोणी, एवढं कापून फ्रीजवर चिकटवता आलं तरी पुष्कळ. आपल्या सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, पशुवैद्यकाचं विद्यापीठच आपल्या नागपुरात आहे, तिथल्या कोणा डॉक्टरांकडून ती चौकट तपासून घ्या म्हणजे माझ्यासारखीचं चुकलं असेल तर तेही दुरुस्त होईल. आणि पुढच्या वेळी पाळीव प्राण्यांच्या वाढदिवसाचे फोटो मागवाल तेव्हा सोबत केक कशाचा केला तेही लिहून पाठवायला सांगा. बेकरीवाल्या भावांनाही विनंती, डॉग केक विकायचाच असेल तर बॉक्सवर पंजाच्या चित्राखाली आतमध्ये काय काय टाकलं ते मराठीत लिहा, आम्ही दोन पैसे जास्त देऊ.

पोरांना केकचा नाद लागला आहे, या रविवारी परत जमणार आहेत, यावेळी मागच्या गल्लीतल्या चार पिल्लांसाठी. पिल्लं फार लहान आहेत म्हणून डॉक्टरांना विचारून ठेवलं, ते म्हणाले अर्धा चमचा चक्का चाटवा, केक नको, केक त्यांच्या आईला द्या. चक्का सासूबाई शनिवारी रात्रीच बांधणार आहेत.

आपली,
एक नियमित वाचक,
प्रताप नगर, नागपूर